तोंडावरचं बोट आणि वर केलेली करंगळी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत गेलात तरी वर्गात दोन बोटं दिसतात. एक तोंडावर असतं. बाईंनी ‘हाताची घडी’ म्हटलं की अख्खा वर्ग ‘तोंडावर बोट’ असं एका सुरात म्हणतो आणि गप्प होतो. दुसरं बोट करंगळीचं. ज्या मुलाला लघवीला जायचं असतं ते करंगळी वर धरून बसतं, बाईंचं लक्ष जाईपर्यंत. कधी लक्ष लगेच जातं. कधी ‘आत्ताच तर सुट्टी झाली, तेव्हा काय करत होतास?’ असं उत्तर येतं आणि करंगळी खाली जाते.

दुसरीत असताना माझीही एकदा अशीच खाली गेली होती. डोंबिवलीतली शाळा, वर्गात पन्नासच्या वर मुलं, गणिताचा तास. पुढे जे व्हायचं ते झालं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मावशींना हाक मारली, मावशींनी फरशी पुसली, शेजारचा मुलगा बाकाच्या टोकाला सरकला. एवढंच. पण त्या दिवसानंतर चौथी संपेपर्यंत मी शाळेत पाणी प्यायलो नाही. आईने भरून दिलेली वॉटरबॅग घरी परतताना जिन्याखालच्या मोरीत ओतून द्यायचो, म्हणजे तिला वाटावं की संपवली. त्या बाईंबद्दल मनात राग नाही. आज इतक्या वर्षांनी हे लिहितोय ते एवढ्याचसाठी, की त्या वर्षी मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्हाला काय शिकवलं ते मला एका अक्षराने आठवत नाही. पाणी प्यायचं नाही, हे मात्र मी न शिकवता शिकलो आणि तीन वर्षं पाळलं.

सध्या शाळांमध्ये मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचे, आनंदाचे तास सुरू झाले आहेत. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ सुरू करायचा निर्णय घेतला. श्वसनाच्या क्रिया, ध्यान, खेळ, रस्ता सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन, ताणतणावाचं नियोजन असं बरंच काही त्यात आहे. दिल्लीत २ जुलै २०१८ रोजी दलाई लामांच्या उपस्थितीत ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला होता, नर्सरी ते आठवी, रोज एक तासिका, परीक्षा नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत आरोग्य आणि नातेसंबंध यांचं शिक्षण सक्तीचं झालं. आपल्याकडे बीड जिल्ह्यात २००९ मध्ये जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांमधून शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने ‘मूल्यवर्धन’ सुरू झालं. मुलांनी जोडीत बोलायचं, गटात काम करायचं, वर्गाचे नियम स्वतः ठरवायचे, अशी त्याची रीत. आणि राज्यातल्या शाळांत रोजचा परिपाठ तर किती वर्षं चालू आहे.

या सगळ्याच्या मी बाजूने आहे. ‘आमच्या वेळी कुठे होते हे लाड, आम्ही काय बिघडलो?’ असं ठाण्या-डोंबिवलीच्या कट्ट्यांवर हमखास ऐकू येतं, ते मला मान्य नाही. आपल्या पिढीतले किती जण बिघडले, किती जण मनात काय दाबून जगले, याची कुणी मोजदाद केलेली नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलाला स्वास्थ्य शिकवलं जातं ते त्याच्या रोजच्या व्यवहारातून. हजेरी कशी घेतली जाते, पाणी कधी प्यायला मिळतं, डबा कुणाबरोबर खायचा, भांडण झालं तर आधी कुणाचं ऐकलं जातं, चुकलेलं गणित बाई कशा आवाजात दुरुस्त करतात, यातून. हे सगळं एक शिकवत असेल आणि शनिवारचा तास दुसरंच शिकवत असेल, तर मूल शनिवार विसरून जातं. मुलं फार चटकन ओळखतात, मोठ्यांनी कुठली गोष्ट खरी म्हणून सांगितली आणि कुठली म्हणायची म्हणून म्हटली.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर घडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पालकांची तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या विलंबाबद्दल न्यायालयाने पोलिसांना फटकारलं. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेट्या, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांची फाइल पुन्हा उघडली. या समित्या नेमायचा आदेश मार्च २०२२ मधला आहे, म्हणजे घटनेच्या दोन वर्षं आधीचा. आणि शाळाशाळांत ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवायला पाहुणे येऊ लागले.

तो तास आवश्यकच आहे. पण त्या तासात आपण मुलाला काय सांगतो? ‘तुला नको वाटलं तर मोठ्याने नाही म्हण. तिथून निघ. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग.’ हेच मूल आठवड्यातले उरलेले सगळे तास काय शिकतं? मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही. बोलावलं की जायचं. काका पापी मागतायत तर द्यायची. शरीराची हाक आली तरी परवानगी मिळेपर्यंत थांबायचं. आणि तोंडावर बोट. गप्प राहण्याची इतकी पक्की तालीम दिलेल्या मुलाने ऐन संकटाच्या क्षणी ओरडावं, अशी आपली अपेक्षा असते. बदलापूरच्या त्या चिमुकल्यांनी घरी सांगितलं, म्हणून जगाला कळलं. त्यांच्या घरात कुणीतरी त्यांचं ऐकणारं होतं. सगळ्याच घरांत तसं कुणी असतं असं नाही, म्हणून शाळेत असायला हवं. आणि शाळेतलं ते माणूस एका दिवसात तयार होत नाही. ज्या बाईंनी ‘पोटात दुखतंय’ हे वाक्य वर्षभर खरं मानलं, त्यांच्याकडेच मूल पुढचं, अधिक अवघड वाक्य घेऊन जाईल.

तेव्हा करंगळी ही छोटी गोष्ट नाही. ‘माझ्या शरीराला काय हवंय ते मला कळतं आणि मी सांगितलं की मोठी माणसं ऐकतात’ हा देहाच्या सुरक्षिततेचा पहिला धडा आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात तो दिवसातून वीस-पंचवीस वेळा आपोआप घेतला जातो.

शाळेतल्या पाण्याला महाराष्ट्रात आणखी एक इतिहास आहे, तो विसरून हा विषय बोलताच येत नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. बसायला स्वतःचं गोणपाट, तेही वेगळं. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. त्या शाळेतही चांगुलपणाचे पाठ होतेच असणार, नीतिबोधाच्या गोष्टी सांगितल्या जात असणार. पण त्या मुलाला आणि त्याच्या वर्गातल्या बाकीच्या सगळ्या मुलांना खरा पाठ नळ देत होता. कोण माणूस आणि कोण कमी माणूस, हे त्यांनी पुस्तकातून शिकायची गरजच उरली नव्हती. म्हणून आज कुठल्याही वर्गात मला आधी नळ बघावासा वाटतो. तो मुलाच्या उंचीला आहे का, पेला साखळीने बांधलेला आहे की सुटा, कुणाच्या बाटलीतलं पाणी कुणी पीत नाही का, आणि नसेल तर का.

केरळमधल्या शाळांत २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि सगळी मुलं पाणी पितात. किती साधी गोष्ट! पण घंटेबरोबर दुसरी गोष्ट यावी लागते. पाणी प्यायलेल्या मुलाला अर्ध्या तासाने जिथे जायचं असतं, तिथली फरशी कोरडी हवी, दाराला कडी हवी, बादलीत पाणी हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी ही प्रत्येक शाळेची अट म्हणून लिहिलेली आहे. २००९ चा कायदा आहे हा. कल्याण-डोंबिवलीच्या अनेक वस्त्यांत घरीच पाणी ठरावीक तासांना येतं, तिथल्या शाळेत दुपारच्या सत्रात टाकी रिकामी असते, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. अशा शाळेत ताणतणावाच्या नियोजनाचा तास घ्यायचा असेल तर पहिला पाहुणा प्लंबर असावा.

झोपेचंही तसंच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळा बदलायचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय मुलांच्या बाजूचा होता. पण ठाण्यापासून बदलापूरपर्यंत तो ऐकून घराघरांत धावपळ उडाली, आणि ती खोटी नव्हती. आई आठची लोकल पकडते, बाबा त्याआधीची. मूल नऊला शाळेत जाणार असेल तर सातपासून नऊपर्यंत त्याला कोण बघणार? एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरवणाऱ्या संस्थांनी दुसरी इमारत कुठून आणायची? बसवाल्यांनी एका गाडीच्या दोन फेऱ्या कशा बसवायच्या? ज्यांना अडचण होती त्यांच्यासाठी सवलतीची वाट ठेवली होतीच, आणि पुष्कळ ठिकाणी सगळं पूर्वीसारखं चालू राहिलं.

पहाटे साडेपाचला उठवलेलं, अर्धवट झोपेत दूध पाजलेलं, घोडबंदर रोडच्या कोंडीत तासभर बसमध्ये पेंगलेलं मूल सातच्या ठोक्याला वर्गात येतं आणि परिपाठाच्या वेळी त्याला डोळे मिटून शांत बसायला सांगतात. ते झोपतं. माझ्या मते त्याने झोपावंच. त्या पाच मिनिटांत त्याला ध्यानापेक्षा झोपेची गरज जास्त आहे आणि ज्या शिक्षिकेला हे कळतं ती त्याला उठवत नाही. मुलाचं स्वास्थ्य मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेलं आहे, हे आपल्या भागाचं सत्य आहे. शाळा एकटी ते बदलू शकणार नाही. पण हे मूल आळशी नाही, त्याची झोप झालेली नाही, एवढं तरी शाळेने जाणावं.

त्या रेल्वेचं आणखी एक ओझं मुलांच्या मनावर असतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडले, काही जण जिवाला मुकले. घराघरांत दिवसभर टीव्हीवर तेच चाललं होतं. आठवड्याभरात, १६ जूनला, शाळा उघडल्या. डोंबिवली, कल्याण, दिवा, मुंब्रा इथल्या वर्गांत बसलेल्या किती मुलांचे आईबाबा त्याच गाड्यांच्या दारात उभे राहून जातात! शाळा उघडली त्या दिवशी गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, फुगे हे सगळं झालं असेल. ‘तुमच्यापैकी कुणाला भीती वाटते का?’ एवढा एक प्रश्न ज्या वर्गात विचारला गेला असेल, त्या वर्गाचा आनंदाचा तास त्या दिवशी खरा झाला. शासनाच्या यादीतलं आपत्ती व्यवस्थापनही असंच जवळून सुरू व्हायला हवं. डोंबिवलीच्या मुलांना ते भूकंपापासून शिकवायचं कारण नाही. एमआयडीसीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट झाले, कोसभर लांबच्या घरांच्या काचा हादरल्या. इथल्या मुलाला वासाचा, आवाजाचा, सायरनचा अर्थ कळायला हवा आणि त्या वेळी कुठे जायचं, कुणाचा हात धरायचा, हे ठाऊक हवं.

आता ज्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे तो शब्दांचा. भावनांचे तास घेताना हल्ली वर्गात एक तक्ता लावतात. चार गोल चेहरे, खाली हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड. मराठी शाळांतही असाच तक्ता असतो, फक्त खाली आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला असं लिहिलेलं. मुलाने सकाळी आपल्याला कसं वाटतंय त्या चेहऱ्यावर चिमटा लावायचा. कल्पना वाईट नाही. पण आपल्या भाषेने मुलांच्या मनासाठी केवढं भांडार जमवून ठेवलंय! मूल हिरमुसतं, खट्टू होतं, रुसतं, फुगून बसतं, फुरंगटतं. ते ओशाळतं, वरमतं, कानकोंडं होतं. भांबावतं, बावरतं, बिचकतं, धास्तावतं. त्याला कसंनुसं होतं, हुरहुर लागते, जीव टांगणीला लागतो, रडू कोसळतं, भरून येतं. आणि ते हरखतं, खुलतं, हुरळतं, मोहरतं.

यातला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो, आणि पुष्कळदा त्या गोष्टीवर काय करायचं तेही सांगतो. रुसलेल्या मुलाला कुणीतरी समजूत काढायला यायला हवं असतं. रुसणं हे नेहमी आपल्या माणसावर असतं, परक्यावर कुणी रुसत नाही. रागावलेल्या मुलाला अन्याय झाल्यासारखा वाटतो, त्याला समजूत नको, न्याय हवा. खट्टू झालेल्याच्या मनात एक अपेक्षा होती ती मोडली. कानकोंड्या झालेल्या मुलाला त्या क्षणी कुणीही आपल्याकडे बघू नये असं वाटतं, आणि तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर ‘काय झालं बाळा?’ विचारलं तर ते आणखी मिटतं. या चौघांना एकाच ‘सॅड’ चेहऱ्याखाली चिमटा लावायला लावला तर बाईंना काय कळणार, आणि मुलाला तरी स्वतःबद्दल काय कळणार?

डोंबिवलीसारख्या शहरात, जिथे मराठी घरांतली मुलं मोठ्या संख्येने इंग्रजी माध्यमात जातात, तिथे ही गोष्ट आणखी अवघड होते. सात वर्षांच्या मुलाचं इंग्रजी अजून फळ्याएवढंच असतं आणि मनातली खळबळ आजीच्या भाषेत असते. शाळेत ती सांगायला शब्द नाहीत म्हणून ते ‘बोअर होतंय’ म्हणतं. बोअर या एका शब्दाखाली भूक, झोप, एकटेपणा, भीती, न कळलेला धडा असं सगळं दडून बसतं. अशा वर्गात शिक्षिकेने ‘हे तू मराठीत सांग’ किंवा ‘तुझ्या घरी ज्या भाषेत बोलता त्यात सांग’ एवढी मुभा दिली, तरी मूल मोकळं होतं. कल्याणच्या वर्गात ती घरची भाषा सिंधी, गुजराती, हिंदी, उर्दू, आगरी बोली काहीही असू शकते. बाईंना ती सगळी कळायची गरज नाही. मन जिथे राहतं तिथल्या शब्दांना वर्गात यायला बंदी नाही, एवढं मुलाला समजलं तरी पुरतं.

हे सारं कुणी बाहेरून आणून दिलेलं नवं शास्त्र आहे असं समजू नये. याची मुळं जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी वारली मुलांसाठी जन्मभराचं काम उभं केलं. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे, पण ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्याचाच होता. मुलं शाळेत येईनात तेव्हा या बायका शाळा घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. गुरं चारायला गेलेल्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आणि दिवसाची सुरुवात कशाने? अंघोळीने. डोकं विंचरणं, नखं काढणं, नाक पुसणं, खाऊ, गाणी, मग शंखशिंपले, बिया, पानं मोजणं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून रानातल्या वस्तूंनी तेच काम केलं.

या क्रमात मला सगळं शहाणपण दिसतं. अंघोळ आणि केस विंचरणं ही शिक्षणाआधीची तयारी आहे असं त्या मानत नव्हत्या, ते शिक्षणच होतं. परक्या बाईने आपल्या गुंतलेल्या केसांतून न ओढता फणी फिरवली, हा त्या मुलाला मिळालेला आदराचा पहिला अनुभव. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. गौरव झाला, पुतळेही झाले असतील. त्यांनी जे करून दाखवलं ते मात्र आपण अंगणवाडीपुरतं ठेवून दिलं आणि पहिलीच्या दारापाशी सोडून दिलं. जणू सहावं वर्ष लागलं की मुलाला शरीर उरत नाही, फक्त डोकं उरतं.

ती परंपरा ठाण्यात पुन्हा जिवंत झालेली पाहायची असेल तर तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली जावं. जून २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी तिथे सिग्नल शाळा सुरू केली. मालवाहू कंटेनरमधले वर्ग, डोक्यावरून सतत वाहनांचा आवाज. मराठवाड्यातल्या दुष्काळाने गाव सोडून आलेल्या, त्यातही बऱ्याचशा पारधी कुटुंबांतली मुलं, जी सिग्नलवर फुलं-खेळणी विकायची, ती या शाळेत आली. इथेही अभ्यासाच्या आधी अंघोळ, स्वच्छ कपडे आणि खाणं आलं, कारण त्याशिवाय पुढचं काही शक्यच नव्हतं. २०१९ मध्ये इथली पहिली मुलं दहावी उत्तीर्ण झाली. ज्यांना रस्त्याने मोठं केलं त्या मुलांना पाटीच्या आधी पाणी लागतं, हे तिथल्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी दिसलं. वातानुकूलित बसमधून येणाऱ्या मुलालाही तेच लागतं. त्याचे कपडे स्वच्छ असतात म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, किंवा न खाणाऱ्यांना केळं, द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. महापालिकेच्या शाळेतल्या मुलाच्या दृष्टीने आनंददायी शनिवारच्या यादीतल्या कुठल्याही कलमापेक्षा ते अंडं मोठं होतं. निधी थांबवणं चूक होतं.

आता शिक्षकांच्या बाजूने. वरचं सगळं वाचून कुणी शिक्षिका म्हणेल, ‘माझ्या वर्गात येऊन बघा आणि मग बोला.’ तिचं खरं आहे. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, खाजगी शाळांच्या तुकड्यांत प्रत्यक्षात किती मुलं बसतात ते पालकांना माहीत आहे. एकाला सोडलं की पाठोपाठ सात करंगळ्या वर होतात, त्यातल्या तीन खऱ्या असतात. तास पस्तीस मिनिटांचा. त्यातही महापालिकेच्या शिक्षकांना मतदारयादीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, आज संध्याकाळपर्यंत भरायच्या लिंका. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच शाळेबाहेरची कामं मान्य केली आहेत, पण या तिन्हींच्या नावाखाली पुष्कळ काही येतं. आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो. आनंददायी शनिवारही फोटोशिवाय होत नाही. मुलं गोलात बसतात, फोटो निघतो, अहवाल जातो, मुलं पुन्हा रांगेत.

मी शिक्षकांकडे नवा उपक्रम मागत नाही. उलट काही गोष्टी कमी करायला सांगतो आहे. सात करंगळ्यांचा प्रश्न कितीतरी शिक्षिकांनी आपापल्या वर्गापुरता सोडवला आहे. दाराशी एक लाकडी ठोकळा किंवा पास लटकवतात. ज्याला जायचंय त्याने तो घेऊन जायचं, आल्यावर परत लावायचा, विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, सगळे जाऊन येतात. मग नवलाई संपते आणि ज्याला खरंच जायचं तेच जातं. मुलांवर विश्वास टाकायला एक आठवड्याचा गोंधळ ही जास्त किंमत नाही. तसंच ‘तोंडावर बोट’चं. वर्गात शांतता हवीच, पण ती मुलांशी ठरवून आणता येते. बाईंनी हात वर केला की सगळ्यांनी हात वर करून थांबायचं, असं ठरवलेले वर्ग आहेत. हात वर करणाऱ्या मुलाचं तोंड त्याचं स्वतःचं राहतं.

संस्थाचालकांनी शिक्षिकेला हे करण्याची मोकळीक द्यावी. शनिवारच्या अहवालाऐवजी एकच गोष्ट तिच्याकडून घ्यावी. या महिन्यात तिच्याकडे आपणहून येऊन कुठली मुलं काही बोलली, हे तिने स्वतःच्या वहीत लिहावं, ते कुणाला दाखवू नये, आणि ज्यांची नावं त्या वहीत एकदाही आली नाहीत त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात जरा जास्त बघावं.

आणि पालकांना. अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायदा आहे. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. दोन्हींच्या सभांना आपण जातो तेव्हा फी, बस आणि गुण यावर बोलतो. पुढच्या सभेला अर्धा तास आधी जा. सभागृहात बसण्यापूर्वी पहिलीच्या वर्गाजवळच्या स्वच्छतागृहाचं दार स्वतः उघडा. आत पाणी आहे का बघा, दिवा लागतो का बघा, आणि आतली कडी सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला पोचते का, तेही बघा. पोचत नसेल तर सभेत पहिला विषय तोच मांडा.